दादासाहेब फाळके काय काय शिकले होते?



बारावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात एक पालक माझ्या घरी आले. इंदापूर तालुक्यातले शेतकरी, चार एकर ऊस. त्यांची मुलगी चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती. आता तिला मल्टिमीडिया आणि डिजिटल डिझाइनची पदवी करायची आहे म्हणे. सोबत एका विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक आणलं होतं. वर्षाची फी वाचून मीच गप्प झाले. त्यांचा प्रश्न साधा होता, यात पोट भरतं का? मला उत्तर देता आलं नाही. मी स्वतः चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलेली, पण बारावीनंतर नोकरीची खात्री म्हणून डी.एड. केलं. या वाटेवर मी चाललेलेच नाही, तर सांगणार काय?

त्या रात्री मला दादासाहेब फाळके आठवले. आपण शाळेत त्यांच्याबद्दल दोन ओळी सांगतो. भारतीय चित्रपटाचे जनक, पहिला चित्रपट राजा हरिश्चंद्र, १९१३. झालं. पण तो चित्रपट आला तेव्हा त्यांचं वय त्रेचाळीस होतं. त्याआधीची पंचवीस वर्षं हा माणूस काय करत होता, हे आपण मुलांना सांगत नाही, आणि पालकांना तर त्याहून नाही. म्हणून आजचा हा लेख.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईत संस्कृत शिकवण्याची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं. मुलानं पोथी हातात घ्यावी असं ते घर, पण १८८५ मध्ये पंधराव्या वर्षी तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेला. वर्षभरानं मोठ्या भावाबरोबर बडोद्याला.

बडोद्यात १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन सुरू केलं होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर कला आणि तंत्र एका छपराखाली शिकवणारी संस्था. तिथं फाळके तैलरंग आणि जलरंग शिकले, वास्तुकला आणि मूर्तिकामही शिकले. कॅमेरा घेतला आणि फोटो धुणं, छापणं याचे प्रयोग सुरू केले. गज्जरांनी या विद्यार्थ्याला ओळखलं आणि संस्थेची फोटोची प्रयोगशाळा त्याला वापरू दिली. शिक्षक म्हणून मला या ठिकाणी थांबावंसं वाटतं. गज्जर रसायनशास्त्राचे माणूस, पण त्यांनी किल्ली मुलाच्या हातात दिली. आपल्यापैकी किती शाळांत कॉम्प्युटर अजून प्लॅस्टिकच्या कव्हरखाली आहेत, हे तुम्हाला माहीत आहे.

पुढं ते रतलामला गेले आणि तीन रंगांचे ठोकळे तयार करणं, फोटोवरून शिळाछपाई करणं, असली कामं शिकून आले. अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदकही मिळालं.

एवढं शिकून करिअर झालं का? नाही झालं. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा टाकला. तिथं १९०० च्या सुमारास प्लेग आला आणि त्यांची पहिली पत्नी आणि मूल त्यात गेलं. बडोद्याला परत येऊन पुन्हा स्टुडिओ काढला, तर लोकांत समज पसरलेला की फोटो काढला की अंगातली शक्ती जाते आणि माणूस मरतो. गिऱ्हाईक येईना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादूचे हातखंडे शिकले आणि आपलंच आडनाव उलटं करून प्रोफेसर केळफा या नावानं प्रयोग केले. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी लागली. सरकारी नोकरी! आपल्याकडं यावर पेढे वाटले असते. त्यांनी तीनएक वर्षांत, स्वदेशीच्या वाऱ्यात, ती सोडली.

यानंतरचा भाग आपल्याच पुणे जिल्ह्यातला आहे. लोणावळ्याला त्यांनी छापखाना काढला. जवळच मळवलीला राजा रविवर्म्यांच्या देवादिकांच्या चित्रांचा छापखाना होता, त्यांचंही काम फाळक्यांनी केलं. तुमच्या आजीच्या देवघरात जुनी लक्ष्मी किंवा सरस्वती काचेत लावलेली असेल, तर त्या जातीची ही छपाई. पुढं छापखाना मुंबईला दादरला गेला आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाला. रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. काम नावाजलं गेलं, मग भागीदाराशी पटेना, आणि १९११ मध्ये हातात काही न घेता ते बाहेर पडले. वय एकेचाळीस, पदरी मुलं.

त्याच वर्षी ईस्टरच्या दिवसांत गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू पाहताना डोळ्यांसमोर आपले राम-कृष्ण आले, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मला त्यापुढची जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी चित्रपट पाहण्याचा सपाटा लावला, मिळेल ते साहित्य जमवून रात्रंदिवस प्रयोग केले, आणि डोळे गेले. अगदी दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांनी दृष्टी परत आली. मग आयुष्याचा विमा गहाण टाकून पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. तिथं बायोस्कोप या साप्ताहिकाच्या संपादकाला भेटले, निर्माता सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. सगळा मुक्काम दोनएक आठवड्यांचा. पदवी नाही, प्रमाणपत्र नाही. पण दोन आठवडे पुरले, कारण प्रकाश, रसायन, रंग, पडदा, नेपथ्य, छपाई आणि हातचलाखी हे सगळं आधीच हातात होतं. बुडालेला प्रत्येक धंदा इथं कामाला आला.

परत आल्यावर भांडवल पाहिजे होतं. सावकाराला चित्रपट म्हणजे काय ते दाखवायचं कसं? त्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि समोर कॅमेरा रोवून महिनाभर ठरावीक वेळानं एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर मिनिटभरात दाण्यातून वेल वर आला. याचं नाव अंकुराची वाढ. मोबाईलवर आज मुलं ज्याला टाइमलॅप्स म्हणतात तेच हे. ते पाहून पैसे मिळाले.

आता जरा गणित करू, पाचवीच्या वर्गात घेण्यासारखं आहे. राजा हरिश्चंद्र ३,७०० फूट लांबीचा होता. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात, म्हणजे ५९,२०० चौकटी. प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना मिळून आठ भोकं. गुणाकार केला तर पावणेपाच लाखांच्या आसपास जातो. कोरी फिल्म तेव्हा बिनभोकांची यायची आणि भोकं पाडायचं काम अंधारात करावं लागे. ते कोण करायचं? सरस्वतीबाई. फाळक्यांची दुसरी पत्नी, माहेरची करंदीकर. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, कपडे धुणं, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणं, आणि रात्री दिवा विझवून फिल्मला भोकं. रसायनंही त्या मिसळायच्या. शिवाय दागिने दिले ते वेगळंच. चित्रपट तयार व्हायला सहा महिने सत्तावीस दिवस लागले. मुलांना हे सांगताना मी फाळक्यांच्या नावाशेजारी सरस्वतीबाईंचं नाव फळ्यावर लिहिते.

तारामतीच्या भूमिकेला कोणतीच बाई तयार झाली नाही. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. चित्रपटात काम करणं इतकं कमीपणाचं होतं की, आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं बाहेर सांगा, हे नटांना शिकवलेलं. २००९ च्या हरिश्चंद्राची फॅक्टरी या मराठी चित्रपटाचं नाव त्यावरूनच आलं. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये राजा हरिश्चंद्र लागला आणि गर्दी लोटली.

पुढं नाशिकला मुक्काम हलवून त्यांनी मोहिनी भस्मासुर केला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या मायलेकींनी काम केलं, म्हणजे बायका पडद्यावर आल्याच. १९१७ च्या लंका दहनमध्ये साळुंके एकटेच राम आणि सीता दोन्ही झाले. १९१९ च्या कालिया मर्दनमध्ये फाळक्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली. ॲनिमेशन करू पाहणाऱ्या मुलांना मात्र मी दुसरंच नाव सांगते, १९१५ चा आगकाड्यांची मौज. आगपेटीतल्या काड्या किंचित सरकवायच्या, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायच्या. महायुद्धामुळं मालाची टंचाई होती, तेव्हा काड्याच नट झाल्या!

शेवट गोड झाला असं सांगितलं तर ते खोटं होईल. १९१८ मध्ये भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, खटके उडाले, ते काशीला निघून गेले, तिथं रंगभूमी हे नाटक लिहिलं, पुन्हा परत आले. मग बोलपट आला. त्यांचा एकमेव बोलपट गंगावतरण, १९३७ चा, कोल्हापूरचा. पैसा आला तसा चित्रपटातच गेला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा गाठीला फारसं काही नव्हतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ चा, म्हणजे पंचवीस वर्षांनंतरचा.

म्हणून पालकहो, स्वप्नामागं धावा असं सांगायला मी ही गोष्ट वापरत नाही. ज्या घरानं विमा आणि दागिने दिले, त्या घराचा हिशेबही यात आहे. माहितीपत्रकात कोणतं सॉफ्टवेअर शिकवणार ते ठळक छापलेलं असतं. सॉफ्टवेअर दर दोन-तीन वर्षांनी बदलतं. मी त्या पालकांना सांगितलं, फी भरण्याआधी तिथं एक दिवस जाऊन बसा. कॅमेरे आणि स्टुडिओची किल्ली मुलांना मिळते का, शिकवणारे स्वतः काम करणारे आहेत का, आणि बाहेर पडलेली मुलं काय करतात, हे विचारा. सरकारी कला महाविद्यालयांची प्रवेश परीक्षाही असते, तिथली फी खासगीपेक्षा पुष्कळ कमी, तीही द्यायला लावा. माझा एक जुना विद्यार्थी बारामतीत फ्लेक्स आणि लग्नपत्रिका डिझाइन करतो. कोरलड्रॉ तो दुकानात झाडू मारता मारता शिकला आणि आता दोन पोरं हाताखाली ठेवली आहेत. पण त्याचंच म्हणणं की वाढदिवसाच्या फ्लेक्सपुढं त्याला जाता येत नाही, कारण पाया शिकलेला नाही. दोन्ही बाजू मी त्यांच्यापुढं ठेवल्या.

जूनमध्ये शाळा भरली तेव्हा ती मुलगी दोन आठवडे वर्गात आली. आम्ही कुल्हडात मटकी पेरली, पुस्तकांच्या थप्पीवर जुना मोबाईल टेकवला आणि शाळेच्या वेळात दर अर्ध्या तासाला एक फोटो. पाळी तिसरीच्या मुलांची. पाचव्या दिवशी कुणीतरी पुस्तक काढायला गेलं आणि मोबाईल हलला. चित्र लावून पाहिलं तेव्हा मोड वर येता येता एकदम डावीकडं उडी मारतो. मुलं हसून लोळली. तिनं मात्र उडी का दिसते ते फळ्यावर चौकटी काढून त्यांना समजावलं, आणि तिचे वडील दाराशी उभं राहून ऐकत होते. फीचं अजून ठरलेलं नाही. प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला आहे, आणि दर रविवारी ती बारामतीला त्या फ्लेक्सच्या दुकानात बसते.