हायडनची जपमाळ

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी शेवटचा तास चॅपलमध्ये असायचा. भिंतीवर येशूच्या शेवटच्या वाटचालीची चौदा चित्रं होती. एकेका चित्रापाशी थांबायचं, सिस्टर दोन-तीन वाक्यं वाचायच्या, मग एक कडवं म्हणायचं आणि मग थोडा वेळ काहीच नाही. फक्त पेटी. शब्द नाहीत, सूचना नाहीत... नुसते सूर आणि गुडघे टेकून बसलेल्या आम्ही. मी स्वतः ख्रिश्चन नाही. आमच्या घरी आजीचा पांडुरंग. पण त्या दोन मिनिटांत वर्गातल्या सगळ्यात वात्रट मुलीसुद्धा गप्प व्हायच्या हे मी खात्रीने सांगू शकते, कारण मी त्यांच्यातलीच एक होते!

घरी येऊन हे आजीला सांगितलं की तिचा प्रश्न ठरलेला, शब्दच नाहीत तर ती प्रार्थना कसली? अभंगात शब्द आहेत म्हणून तो देवापर्यंत जातो; नुसती पेटी वाजवणं म्हणजे करमणूक, असं तिचं म्हणणं. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पुढे ते मिळालं एका ऑस्ट्रियन माणसाकडे, ज्याला जाऊन दोनशेहून जास्त वर्षं झाली आहेत. त्याचं नाव जोसेफ हायडन. सिम्फनी म्हटलं की ज्याचं नाव निघतं आणि जो मोझार्टचा मित्र आणि बेथोवनचा गुरू होता, तोच हा. (मेकॅनिकलवाल्यांनी लगेच पान उलटू नये. याचे वडील चाकं बनवायचे!)

खरंच बनवायचे. ३१ मार्च १७३२ रोजी हंगेरीच्या सरहद्दीजवळच्या रोहराऊ या खेड्यात हायडनचा जन्म झाला. वडील गाड्या आणि चाकं तयार करणारे कारागीर, आई लग्नाआधी तिथल्या सरदाराच्या वाड्यात स्वयंपाकीण. वडिलांना स्वरलिपी वाचता येत नव्हती, पण संध्याकाळी काम आटोपलं की ते हार्प घेऊन बसायचे आणि सगळं घर गायचं. पोरगं सुरात गातंय हे लक्षात आल्यावर नात्यातल्या एका शाळामास्तरांनी त्याला शिकायला हाइनबुर्ग गावी नेलं. तेव्हा तो जेमतेम सहा वर्षांचा होता. आईची इच्छा त्याने धर्मगुरू व्हावं अशी होती. मास्तरांकडे जेवणापेक्षा मार जास्त मिळाला, असं हायडन म्हातारपणी सांगायचा, आणि तरीही आपल्याला इतकं शिकवल्याबद्दल त्यांचे उपकार मानायचा.

आठव्या वर्षी त्याची निवड व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या गायकमुलांमध्ये झाली. तिथं रोजच्या मिस्सा, सणांच्या मिस्सा, अंत्यविधी, मिरवणुका सगळीकडे गायचं. सुमारे नऊ वर्षं हे चाललं. मग आवाज फुटला. महाराणी मारिया तेरेसाने तर हा मुलगा आता गात नाही, आरवतो अशी तक्रार केली म्हणे. त्यातच स्वारीने पुढे बसलेल्या एका मुलाची वेणी कात्रीने कापली, आणि व्हायचं तेच झालं. साधारण १७४९ साली, सतराव्या वर्षी, तो खिशात काही नसताना व्हिएन्नाच्या रस्त्यावर आला.

पुढची काही वर्षं त्याने एका माळ्यावरच्या खोलीत काढली. तिथं शेगडी नव्हती आणि छप्पर गळायचं. सोबतीला वाळवी लागलेला एक जुना कीबोर्ड. शिकवण्या करायच्या, रस्त्यावर रात्री वाजवायचं आणि उरलेल्या वेळात फुक्स या लेखकाचं स्वररचनेचं पुस्तक घेऊन एकेक उदाहरण स्वतः सोडवत बसायचं. क्लास नाही, गाइड नाही. ज्यांनी रेफरन्स बुकातले प्रॉब्लेम खरोखर सोडवलेत (असे आपल्यात किती असतील?) त्यांना यातले कष्ट कळतील.

याच दिवसांतली एक गोष्ट मला फार आवडते. मारियात्सेल हे डोंगरातलं मदर मेरीचं तीर्थक्षेत्र. आपल्याकडे पंढरपूरला जातात तसे ऑस्ट्रियातले लोक तिथं जथ्याने जायचे. हायडनही यात्रेकरूंबरोबर गेला आणि तिथल्या संगीतप्रमुखाला मला गाऊ द्या म्हणाला. व्हिएन्नाहून असे फाटके गवई रोज येतात, असं म्हणून त्याने याला हाकललं. दुसऱ्या दिवशी हा गुपचूप गायकांच्या मधे जाऊन उभा राहिला आणि ऐन वेळी शेजारच्याच्या हातातला कागद हिसकावून स्वतःच गायला लागला. गाणं इतकं चांगलं झालं की आठवडाभर पोटभर जेवण मिळालं आणि वर थोडे पैसेही. पुढे तीसेक वर्षांनी, १७८२ साली, त्याच मारियात्सेलसाठी त्याने एक मिस्सा रचली. आणि या गरिबीच्या काळात ज्या भल्या माणसाने त्याला बिनव्याजी दीडशे फ्लोरिन दिले होते, त्याच्या नातीच्या नावाने म्हाताऱ्या हायडनने मृत्युपत्रात शंभर फ्लोरिन लिहून ठेवले.

मधला काळ मी भरभर सांगते, कारण कुठल्याही पुस्तकात तो मिळेल. ज्या मुलीवर त्याचं प्रेम होतं ती नन झाली, आणि १७६० साली त्याचं लग्न झालं तिच्या मोठ्या बहिणीशी. ते सुखाचं नव्हतं. १७६१ साली तो एस्टरहाझी या धनाढ्य राजघराण्याच्या नोकरीत लागला. नोकरी म्हणजे अगदी गणवेशासकट! तिथं जवळजवळ तीस वर्षं तो संगीत लिहीत राहिला.

पण या सगळ्या वर्षांत त्याची एक सवय सुटली नाही. नवीन रचना लिहायला घेतली की वर लॅटिनमध्ये देवाचं नाव घेऊन सुरुवात करायची आणि शेवटची ओळ संपली की खाली देवाची स्तुती लिहून वही मिटायची. आपण उत्तरपत्रिकेवर कोपऱ्यात 'श्री' लिहितो ना, तसंच! फरक एवढाच की आपण तो पेपर अवघड असेल या भीतीने लिहितो. आणि लिहिता लिहिता अडलं, काही सुचेना झालं, की तो जपमाळ हातात घेऊन खोलीत येरझाऱ्या घालायचा आणि काही हेल मेरी म्हणायचा. मग परत सुचायला लागायचं, असं त्याने स्वतः आपल्या चरित्रकाराला सांगितलं आहे. इथं चमत्कार वगैरे काही नाही. तासन्‌तास अडलेलं डोकं थोडं बाजूला ठेवायचं, एका लयीत पावलं टाकायची, ओळखीचे शब्द पुटपुटायचे. एम-थ्रीच्या एका गणितावर रात्रभर अडले असताना मीही होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये आजीचा हरिपाठ पुटपुटत फिरले आहे. गणित सुटलं नाही, पण रडू थांबलं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. १७८३ पासून सम्राट दुसऱ्या जोसेफने चर्चमधल्या वाद्यवृंदाच्या संगीतावर बरीच बंधनं घातली. मारियात्सेलच्या त्या मिस्सेनंतर हायडनने चौदा वर्षं एकही मिस्सा लिहिली नाही. आणि नेमकं याच काळात त्याला दूर स्पेनमधून, काडिझ या बंदरातून, एक विचित्र ऑर्डर आली. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेसाठी संगीत हवं होतं, पण गायक नकोत, फक्त वाद्यं.

तिथली प्रथा अशी होती. चर्चच्या भिंती, खिडक्या, खांब सगळं काळ्या कापडाने झाकलेलं. मधोमध टांगलेला एकच मोठा दिवा. दुपारी बारा वाजता दारं बंद. मग धर्मगुरू व्यासपीठावर चढून येशूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांपैकी पहिला उच्चारणार, त्यावर प्रवचन करणार, खाली उतरून वेदीसमोर गुडघे टेकणार. त्याने गुडघे टेकले की संगीत सुरू व्हायचं. जमलेल्या लोकांनी नुकतंच जे ऐकलं ते मनात घोळवत बसायचं. मग दुसरा उद्गार, तिसरा... असं सात वेळा.

आता यातली अडचण बघा. प्रत्येक तुकडा साधारण दहा मिनिटांचा, सातही विलंबित, आणि एकही शब्द नाही. लोकांना कंटाळा येता कामा नये, आणि त्यांचं लक्ष वाद्यांकडेच गेलं तर प्रार्थना बाजूला राहणार. आपलं संगीत ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे की एक विलंबित रंगवतानाही भल्याभल्यांची दमछाक होते. इथं लागोपाठ सात! हे सोपं नव्हतं, हे खुद्द हायडननेच पुढे लिहून ठेवलंय. सुरुवातीला त्याला वेळेची मर्यादा पाळणंही जमेना.

त्याने काढलेला मार्ग मला अजूनही थक्क करतो. प्रत्येक उद्गाराचे लॅटिन शब्द घेऊन त्यांच्या अक्षरांच्या वजनावर त्याने सुरुवातीची चाल बांधली. १७८७ साली छापलेल्या प्रतीत तर पहिल्या व्हायोलिनच्या ओळीखाली ते शब्द छापले आहेत. ते कोणी गात नाही. वाजवणाऱ्याच्या डोळ्यासमोर मात्र ते असतात, आणि प्रवचन नुकतंच ऐकलेल्या माणसाच्या कानात ते आपोआप उमटतात. शब्द गेलेले नाहीत, आत गेलेत. पाचवा उद्गार तहानेचा आहे. तिथं गज बाजूला ठेवून तारा नुसत्या बोटांनी छेडल्या जातात, थेंब पडावेत तशा, आणि त्यावर व्हायोलिन दोनच स्वरांची हाक पुन्हा पुन्हा देत राहतं. पाण्याचा आवाज आहे, पण पाणी मिळत नाही. सातव्यात व्हायोलिनला म्यूट लावून आवाज दबलेला, जणू श्वास संपत आलाय. आणि तो संपतो न संपतो तोच, तासाभराच्या संथपणानंतर, सगळी वाद्यं पूर्ण ताकदीने आणि वेगाने तुटून पडतात. बायबलमध्ये येशूच्या मृत्यूनंतर जो भूकंप झाल्याचं सांगितलंय, तो हा. बंद दारांच्या त्या अंधारात तो पहिल्यांदा ऐकणाऱ्यांचं काय झालं असेल!

(याचं मानधन एका चॉकलेट केकमधून आलं असं सांगतात. हायडन केक बघून वैतागला, आणि कापला तर आत सोन्याची नाणी.)

मागच्या सुट्टीत यातला पहिला उद्गार मी आजीला ऐकवला. चार वाद्यांसाठी हायडननेच केलेलं रूप. तिची माळ चालूच होती. संपल्यावर तिने विचारलं की खाली लिहिलेले शब्द कसले. मी सांगितलं, ज्यांनी खिळे ठोकले त्यांना क्षमा कर, असं तो बापाजवळ मागतोय. तिने ते पुन्हा लावायला सांगितलं. मत मात्र बदललेलं नाही. गंमत म्हणजे हायडनचंही पुढे काहीसं तसंच झालं. पासाऊ शहरात दुसऱ्या कोणीतरी या रचनेला शब्द जोडलेले त्याने ऐकले, आणि मग १७९६ मध्ये त्याने स्वतःच गायकांसाठी तिचं नवं रूप तयार केलं. आजीला ते नक्की आवडेल. मला विचाराल तर बिनशब्दांचंच जास्त भिडतं.

लंडनला दोनदा जाऊन आल्यावर हायडनने 'क्रिएशन' लिहिलं. या जगाची निर्मिती, सुरांत. साठी उलटलेली, कीर्ती युरोपभर, आणि तरी तो रोज गुडघे टेकून हे काम पुरं करण्याची ताकद मागायचा. त्याच सुमारास एस्टरहाझींच्या राणीसाहेबांच्या नामदिनासाठी त्याने सहा मोठ्या मिस्सा रचल्या. त्या फार आनंदी आहेत, चर्चला शोभत नाहीत, अशी कुरकुर तेव्हाही झाली आणि नंतरही होत राहिली. त्यावर त्याचं म्हणणं साधं होतं : देवाचा विचार आला की मला आनंदच होतो, त्याला मी काय करू? मला वाटतं, तहानेचे ते दोन स्वर ज्याने लिहिले त्याला हे म्हणायचा हक्क होता.

२७ मार्च १८०८ रोजी व्हिएन्नात 'क्रिएशन'चा मोठा कार्यक्रम झाला. थकलेल्या हायडनला खुर्चीत बसवून आत आणलं. अंधारातून प्रकाश प्रकट होतो त्या जागी वाद्यवृंद उसळला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याने थरथरता हात वर आकाशाकडे केला. हे तिथून आलं, माझं नाही, असं त्याला म्हणायचं होतं. पहिला भाग संपल्यावर त्याला घरी न्यावं लागलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात नेपोलियनच्या तोफा व्हिएन्नावर धडाडत होत्या. एक गोळा त्याच्या घराजवळ पडला तेव्हा घाबरलेल्या नोकरांना सत्त्याहत्तर वर्षांच्या या म्हाताऱ्यानेच धीर दिला. शहर पडल्यावर एक फ्रेंच अधिकारी भेटायला आला आणि त्याने 'क्रिएशन'मधलंच एक गाणं म्हणून दाखवलं. शत्रूचा शिपाई! २६ मे रोजी हायडनने कीबोर्डवर बसून सम्राटासाठी स्वतः रचलेलं प्रार्थनागीत तीनदा वाजवलं. ३१ मे १८०९ रोजी तो गेला. युद्धाच्या गडबडीत अंत्यविधी साधाच झाला. १५ जूनला व्हिएन्नाच्या शॉटन चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा झाली. इतक्या मिस्सा ज्याने लिहिल्या, त्याच्यासाठी वाजवलं गेलं ते अठरा वर्षांपूर्वीच गेलेल्या त्याच्या मित्राचं, मोझार्टचं, रिक्विएम. ऐकणाऱ्यांत व्हिएन्नाचे लोक होते आणि फ्रेंच अधिकारीही.