कै. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे औरंगपुऱ्यातील आमच्या शाळेत एक प्रसंग बहुधा दरसाल घडतो. नाटकाच्या तालमी सुरू होतात. एखाद्या मुलाचा गळा गोड आहे असे ध्यानात येऊन त्यास काम दिले जाते. आणि दोन-चार दिवसांतच त्याचे वडील शाळेत येऊन, मुलाचा अभ्यास बुडेल, यास्तव त्यास नाटकातून मोकळे करावे, अशी विनंती करितात. त्यांची काळजी खोटी नसते. त्यांस काय उत्तर द्यावे हा प्रश्न मनात घोळू लागला म्हणजे आम्हांस एका पुरुषाचे चरित्र आठवते. नाटकाच्या नादाने ज्याचे शिक्षण खरोखरीच अर्धवट राहिले, आणि ज्याच्या नाटकांनी पुढे साऱ्या महाराष्ट्रास गावयास लाविले, त्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे हे चरित्र आम्ही विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींस सादर करीत आहो.

अण्णासाहेबांचा जन्म ता. ३१ मार्च १८४३ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हा मुलूख आज कर्नाटकात मोडतो. तेथे कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडत. अण्णासाहेबांचे आरंभीचे शिक्षण घरीच झाले व त्यात या दोन्ही भाषांचा अभ्यास होता. पुढे त्यांच्या पदांत कानडी चालींचा जो गोडवा उतरला, त्याचे मूळ या बालपणात आहे.

योगायोग असा की, ज्या वर्षी अण्णासाहेब जन्मले त्याच वर्षी मराठी नाटकाचाही जन्म झाला. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी सन १८४३ मध्ये सीतास्वयंवराचा खेळ करून दाखविला. त्याच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. भावे यांच्या खेळांत सर्व पदे सूत्रधाराने म्हणावयाची आणि पात्रांनी त्यास धरून आयत्या वेळी सुचेल ते भाषण करावयाचे, अशी रीत होती. म्हणजे सीतेचे दुःख सीता गात नसे; तिच्या वतीने सूत्रधार गाई. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण अण्णासाहेबांच्या कार्याचे मर्म तिच्यात आहे.

थोडे वय वाढल्यावर अण्णासाहेबांस शिक्षणासाठी प्रथम धारवाड व कोल्हापूर आणि नंतर पुणे येथे पाठविण्यात आले. परंतु पुण्यात त्यांचे मन शाळेत रमले नाही. ते नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडी जाऊ लागले व त्यांस पदे रचून देऊ लागले. अभ्यास मागे पडला आणि परीक्षा राहून गेली. सन १८६६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी स्वतःची एक नाटक मंडळी उभी केली. पण ती फार काळ टिकली नाही. त्या काळी नाटकमंडळीत जाणे हे प्रतिष्ठित घराण्यास कमीपणा आणणारे मानीत असत. शिक्षण हातचे गेलेले, मंडळी मोडलेली, अशा स्थितीत या तरुणाकडे पाहून घरच्या माणसांस काय वाटले असेल, याची कल्पना कोणाही पालकास सहज करता येईल.

यानंतरची चौदा वर्षे अण्णासाहेबांनी संसारी माणसाप्रमाणे काढिली. बेळगावास त्यांनी शिक्षकाचे काम केले व पुढे सरकारी नोकरी धरली. परंतु लेखणी त्यांनी खाली ठेविली नाही. सन १८७३ मध्ये त्यांनी शांकरदिग्जय हे गद्य नाटक लिहिले. बेळगावातच त्यांचा गोविंद बल्लाळ देवल या तरुणाशी स्नेह जुळला. हे देवल पुढे स्वतः मोठे नाटककार झाले.

सन १८८० मध्ये अण्णासाहेब पुण्यास सरकारी कचेरीत नोकरीवर होते. त्या सुमारास त्यांनी पारशी मंडळीचा इंदरसभा हा गाण्यांनी भरलेला उर्दू खेळ पाहिला, आणि असे काही आपल्या मराठीत का असू नये, हा विचार त्यांच्या मनाने घेतला. मग त्यांनी महाकवी कालिदासाचे शाकुंतल हाती घेतले व त्याचा मराठी अवतार रचावयास आरंभ केला. हे तेच नाटक की, जे सर विल्यम जोन्स या कलकत्त्याच्या इंग्रज न्यायाधीशाने सन १७८९ मध्ये इंग्रजीत उतरविले, तेव्हा सारा युरोप त्यावर लुब्ध झाला होता.

या ठिकाणी युरोपातील एका गोष्टीची आठवण होते. इ. स. १६०० च्या सुमारास इटली देशातील फ्लॉरेन्स शहरी काही विद्वान मंडळी प्राचीन ग्रीक नाटके पुन्हा कशी जिवंत करावी याचा विचार करीत होती. त्या खटपटीतून ऑपेरा नावाचा प्रकार निर्माण झाला. ऑपेऱ्यात पात्रे बहुतेक सर्व भाषण गाऊनच करितात. अण्णासाहेबांनीही जुन्या नाटकाचाच आधार घेतला. पण त्यांनी निराळी वाट धरिली. साधे बोलणे त्यांनी गद्यात ठेविले, आणि जेथे मनातील भाव बोलण्यात मावेनासा होतो तेथे पद घातले. शिवाय हे पद सूत्रधाराच्या तोंडी न देता ज्या पात्राचा तो भाव, त्याच पात्राच्या तोंडी दिले. आता शकुंतलेचे दुःख शकुंतलाच गाऊ लागली. मराठी संगीत नाटकाचा पाया तो हाच.

चालीही त्यांनी परक्या घेतल्या नाहीत. साकी, दिंडी, ओवी यांसारख्या कीर्तनांतून व घराघरांतून सर्वांच्या ओळखीच्या झालेल्या चाली, लावणीचा ठसका, कानडी पदांची वळणे आणि शास्त्रोक्त राग या सर्वांचा त्यांनी उपयोग केला. आपल्या मराठवाड्यातील पैठणच्या एकनाथ महाराजांनी जोशी, वासुदेव, गोंधळी यांच्या बोलीत भारुडे रचून थोर विचार सामान्य जनांच्या अंगणात नेले. त्याच जातीचे हे काम होते. आम्हां ख्रिस्ती लोकांत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग व कीर्तन यांच्या द्वारे देशी सुरांत प्रभूची भक्ती करावयास शिकविले, तेही याच मार्गाने. जे आपल्या लोकांच्या ओठी आधीच आहे त्यात नवे प्राण घालणे, हे परक्याची नक्कल करण्याहून अवघड असते.

ता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात संगीत शाकुंतलाच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत झाले, बाळकोबा नाटेकर यांनी कण्व मुनींचे काम केले, आणि शंकरराव मुजुमदार शकुंतला झाले. कारण त्या काळी स्त्रियांची कामे पुरुषच करीत असत. प्रेक्षक मोहून गेले. पुढे नाटकाचे सातही अंक रंगभूमीवर आले. त्यात सुमारे दोनशे पदे होती. अण्णासाहेब त्या वेळी सदतीस वर्षांचे होते.

दोन वर्षांनी, ता. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी, संगीत सौभद्र रंगभूमीवर आले. याची कथा महाभारतातील असली तरी रचना सर्वस्वी अण्णासाहेबांची. बलरामदादा सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी ठरवितात, तिचे मन अर्जुनावर असते, आणि श्रीकृष्ण हसत हसत युक्तीने सर्व जुळवून आणितात. अर्जुन संन्याशाच्या वेषाने येतो तेव्हा थोरामोठ्यांचीही हसून पुरेवाट होते. द्वारकेचा राजवाडा पाहता पाहता आपल्या शेजारचे एखादे मराठी कुटुंब वाटू लागतो, ही या नाटकाची खुबी. बडोद्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांनी सुभद्रेचे काम आपल्या गाण्याने गाजविले. शंभराहून अधिक पदांचे हे नाटक आजही होते, आणि त्यातील पदे नाट्यसंगीताच्या मैफलींत आजही ऐकावयास मिळतात.

सन १८८४ मध्ये रामराज्यवियोग या नाटकाचे पहिले तीन अंक झाले. पुढील अंक लिहावयास काळाने अवसर दिला नाही. ता. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, जन्मग्रामी गुर्लहोसूर येथे अण्णासाहेबांनी इहलोक सोडिला. शाकुंतलाच्या पहिल्या प्रयोगापासून मोजले तर या कार्यास त्यांस अवघी पाच वर्षे व दोन दिवस मिळाले.

तथापि लावलेले झाड वाढत राहिले. किर्लोस्कर नाटक मंडळी त्यांच्या पश्चात चालू राहिली. देवलांनी सन १८९९ मध्ये संगीत शारदा लिहून कोवळ्या मुलींची वृद्धांशी लग्ने लावण्याच्या दुष्ट चालीवर आघात केला. सन १९०५ मध्ये याच मंडळीत नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, दाखल झाले. केवळ करमणूक म्हणून हिणविलेली नाटकशाळा समाजाची शिक्षिकाही झाली. आज आपल्या छत्रपती संभाजीनगरातील रंगमंदिरास संत एकनाथांचे नाव आहे, आणि तेथे नाटक पाहावयास घरची मंडळी मुलाबाळांसह जातात. एके काळी जे लाजेचे होते ते मानाचे झाले. हा पालट घडविण्यात अण्णासाहेबांचा वाटा मोठा आहे.

विद्यार्थ्यांनो, अण्णासाहेबांची परीक्षा राहिली, म्हणून आमचीही राहिली तरी चालेल, असा सोयीचा अर्थ या चरित्रातून कोणी काढू नये. कालिदास मराठीत आणावयाचा तर संस्कृत काव्याची गोडी लागते, भाषेवर हुकमत लागते, रागतालांचे ज्ञान लागते. ज्याने शाळा सोडिली त्यास अभ्यास सोडिता आला नाही, हेच खरे. उलट, तेविसाव्या वर्षी मंडळी मोडली म्हणून जर त्यांनी तो नाद कायमचा टाकिला असता, तर कोणी त्यांस दोष दिला नसता. पण मराठी रंगभूमी मात्र मुकी राहिली असती.

शुभवर्तमानातील त्या चाकराचा दृष्टांत आपणांस ठाऊक आहे. धन्याने दिलेले द्रव्य त्याने उधळले नव्हते. भीतीने जमिनीत पुरून जपून ठेविले होते. तरी धनी त्याजवर रागावलाच. देवाने मुलाच्या गळ्यात सूर घातला असेल, तर तोही एक ठेवा आहे, आणि त्याचा हिशेब मुलाइतकाच आपणां वडीलधाऱ्यांसही द्यावा लागेल. म्हणून पुढील खेपेस कोणी पालक आपल्या मुलास तालमीतून सोडवावयास आले, तर आम्ही त्यांस एवढेच विनवू की, अभ्यासाचा तास आपण घरी सांभाळावा, तालमीचा तास आम्ही शाळेत सांभाळतो. मुलगा मात्र दोन्हीकडे जाऊ द्यावा.