मारिया माँटेसरी : लहान मुलांच्या हातांतून श्रद्धा शिकवणारी डॉक्टर



‘माँटेसरी’ हा शब्द आपल्याकडे कुणालाच नवा नाही. मूल तीन वर्षांचे झाले की आपण त्याला माँटेसरीत घालतो. बालवाडीचेच ते दुसरे नाव, असे आपण धरून चालतो. पण ते एका बाईंचे आडनाव आहे. त्या डॉक्टर होत्या, कॅथलिक होत्या आणि लहान मुलांना पवित्र मिस्सा कशी समजावून द्यावी ह्याचा त्यांनी अनेक वर्षे विचार केला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. धर्मशिक्षणाचे वर्ग आता सुरू होत आहेत. त्या निमित्ताने त्यांच्या जीवनाची ओळख करून घ्यावी असे आम्हाला वाटले.

ह्यामागे एक काळजीही आहे. आपल्या मुलांना प्रार्थना पाठ आहेत. दहा आज्ञा आणि सात संस्कार ती घडाघडा म्हणून दाखवतात. परीक्षेत गुणही चांगले मिळवतात. मात्र दृढीकरण झाले, की त्यांतली कितीतरी मुले रविवारी चर्चमध्ये दिसेनाशी होतात. पाठांतर वाईट नाही. आपल्या आईवडिलांनी आणि आजीआजोबांनी पाठांतरानेच श्रद्धा जपली. तरी प्रश्न उरतोच : जिभेवर बसलेली श्रद्धा मनात कशी उतरावी? माँटेसरीबाईंच्या आयुष्यात ह्या प्रश्नाचे एक उत्तर सापडते.

जमिनीवरचे तुकडे

मारियांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियाराव्हाले ह्या गावी झाला. वडील सरकारी नोकरीत होते. आई वाचनाची आवड असलेली, भाविक बाई होती. मुलीने शिक्षिका व्हावे अशी वडिलांची इच्छा, पण मुलीने वैद्यकीय शिक्षणाचा हट्ट धरला. त्या काळी पुरुष विद्यार्थ्यांच्या बरोबरीने स्त्रीने शवविच्छेदन करणे अशोभनीय मानले जाई. म्हणून इतर विद्यार्थी निघून गेल्यावर मारियांना ते काम एकटीने करावे लागे. १८९६ साली त्या रोमच्या विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. इटलीतील पहिल्या काही स्त्री डॉक्टरांत त्यांची गणना होते.

मनोरुग्णांच्या विभागात काम करताना त्यांना मतिमंद मुले भेटली. रिकाम्या खोलीत त्यांना कोंडून ठेवलेले असे. जेवण झाले, की ती मुले जमिनीवर पडलेले भाकरीचे तुकडे गोळा करत बसत. सांभाळणाऱ्या बाईला तो खादाडपणा वाटे. मारियांनी नीट पाहिले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की त्या खोलीत मुलांच्या हाताला दुसरे काहीच नव्हते. त्या मुलांना अन्नापेक्षाही हाताला कामाची भूक होती. पुढे मारियांनी त्यांना हाताळायला वस्तू दिल्या, लाकडी अक्षरांवरून बोटे फिरवायला लावली. ज्यांचे काही होणार नाही असे सर्वांनी ठरवले होते, त्यांतली काही मुले लिहायवाचायला शिकली.

ह्याच काळात त्यांच्या आयुष्यात एक मोठे दुःख आले. एका सहकारी डॉक्टरांपासून त्यांना १८९८ साली मुलगा झाला. विवाह झाला नाही. ते डॉक्टर पुढे दुसरीकडे विवाहबद्ध झाले. त्या काळच्या समाजात अशा स्त्रीला तोंड दाखवायला जागा नव्हती. बाळ मारिओ रोमबाहेर एका खेड्यातील कुटुंबात वाढला. आई अधूनमधून त्याला भेटून येई, पण आई म्हणून नव्हे. पंधराएक वर्षांचा झाल्यावरच तो त्यांच्याजवळ राहायला आला. तेव्हाही जगासमोर तो पुतण्या किंवा मानलेला मुलगा म्हणूनच वावरे. जगातल्या मुलांसाठी झिजणाऱ्या बाईला आपल्या पोटच्या मुलाला चारचौघांत मुलगा म्हणता येत नव्हते. हे आम्ही दोष काढण्यासाठी सांगत नाही. प्रभू आपल्या कार्यासाठी दुखावलेली माणसेही निवडतो, एवढेच ह्यातून दिसते.

तीन राजांच्या सणाचा दिवस

६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोममधील सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तीत मारियांनी पहिले ‘बालगृह’ उघडले. आईवडील दोघेही कामावर जात, आणि मागे राहिलेली मुले चाळीच्या भिंती खराब करत. त्यांना कुणीतरी सांभाळावे, एवढीच इमारतीच्या मालकांची अपेक्षा होती. पन्नासएक मुले आली. काही रडत होती, काही घाबरलेली होती.

तिथे मारियांनी जे पाहिले, ते त्या आयुष्यभर सांगत राहिल्या. तीनएक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या खळग्यांत छोटे दट्टे बसवत होती. ती ते काढी आणि पुन्हा बसवी. मारियांनी तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, इतर मुलांना गाणे म्हणायला लावले, तरी तिचे चित्त ढळले नाही. तिने तेच काम चाळीसहून अधिक वेळा केले आणि मग समाधानाने मान वर केली. एकदा मारियांनी मुलांना नाक कसे शिंकरावे हे गंभीरपणे करून दाखवले. मुलांनी टाळ्याच वाजवल्या! शेंबडाबद्दल त्यांना सगळे रागावत, पण आदराने ती गोष्ट कुणी शिकवलीच नव्हती.

आणखी एक प्रसंग शांततेचा आहे. मारिया चार महिन्यांचे एक तान्हे बाळ कडेवर घेऊन वर्गात आल्या. हे बाळ किती शांत आहे, त्याच्याइतके शांत आपल्याला राहता येईल का, असे त्यांनी मुलांना विचारले. सारा वर्ग श्वास रोखून बसला. बाळाच्या श्वासाचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता पसरली. त्यासाठी दटावणे नाही, की छडी नाही. मुलांना शांतता नकोशी असते हा आपला समज किती चुकीचा आहे, हे त्या दिवशी दिसले. प्रार्थनेची सुरुवात तर अशाच शांततेत होते.

मुलांचे लहानसे चर्च

१९१० साली संत पोप पायस दहावे ह्यांनी एक मोठा निर्णय दिला. त्याआधी बहुतेक ठिकाणी मुलांना दहा, बारा किंवा चौदा वर्षांपर्यंत पहिल्या ख्रिस्तप्रसादाची वाट पाहावी लागे. सुमारे सात वर्षांच्या, बरेवाईट समजू लागलेल्या मुलाला तो मिळावा, असे पोप महोदयांनी ठरवले. दार उघडले, पण त्याबरोबर एक प्रश्नही आला. इतक्या लहान मुलांना शिकवायचे कसे? मोठ्यांच्या भाषेतली प्रश्नोत्तरे तर त्यांना झेपणारी नव्हती.

ह्या प्रश्नाला हात घालण्याची संधी मारियांना स्पेनमधील बार्सिलोना शहरात मिळाली. १९१५ च्या सुमारास तिथे त्यांच्या पद्धतीची शाळा उभी राहिली. शाळेत मुलांसाठी एक वेगळी जागा केली गेली. तिला त्यांनी ‘आत्रियम’ म्हटले. प्राचीन चर्चच्या पुढच्या अंगणाचे हे नाव आहे. इथे सारे काही मुलांच्या उंचीचे होते. टेबलखुर्च्या लहान, चित्रे आणि मूर्ती नजरेच्या टप्प्यात, पवित्र पाण्याचे भांडे हाताला पोहोचेल असे. शाळेच्या जमिनीत मुलांनी मिस्सेच्या भाकरीसाठी गहू पेरला, द्राक्षरसासाठी वेली जोपासल्या. जे धान्य आपण पेरले, ज्याला पाणी घातले आणि ज्याची वाट पाहिली, त्याचीच भाकर वेदीवर अर्पण होते, हे त्या मुलांना वेगळे सांगावे लागले नसेल.

मारियांच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. बालगृहात मुले पाणी न सांडता भांडे नेत, वस्तूंना धक्का न लावता चालत, आवाज न करता खुर्ची ठेवत, बारीक आवाज आणि रंगांच्या छटा ओळखत. ही सारी तयारी चर्चमध्ये आल्यावर जणू आपल्या घरी पोहोचे. तिथे मेणबत्ती जपून न्यायची असते, घंटेचा नाद ऐकायचा असतो, वेदीवरच्या वस्त्रांचे रंग ओळखायचे असतात. ह्या अनुभवांवर त्यांनी पुस्तके लिहिली. मुलांना मिस्सा समजावून देणारे एक पुस्तकही त्यांत आहे.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, तेव्हा संत थॉमस अक्वायनस ह्यांचा एक विचार मनावर ठसला. माणसाचे ज्ञान इंद्रियांपासून सुरू होते आणि दिसणाऱ्या वस्तूंच्या आधाराने तो न दिसणाऱ्या सत्याकडे जातो. म्हणूनच आपल्या संस्कारांत पाणी आहे, तेल आहे, भाकर आणि द्राक्षरस आहे. प्रभू येशूनेही बी, मीठ, दिवा आणि जाळे दाखवत देवराज्य शिकवले. तेव्हा हातांनी श्रद्धा शिकवणे हे काही नवे फॅड नव्हे. चर्चचीच ती जुनी रीत आहे. माँटेसरीबाईंनी ती मुलांपर्यंत नेली.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. मुले गप्प बसावीत म्हणून रंगवायला कागद देणे म्हणजे ही पद्धत नव्हे. मारियांच्या मते मुलाचे काम हे खरे काम असते. मोठ्यांनी वस्तू नीट मांडाव्यात, एकदा सावकाश करून दाखवावे आणि मग बाजूला व्हावे. मुलाच्या अंतःकरणात खरा शिक्षक देव आहे. त्याच्या आड आपण येऊ नये.

टीका, युद्ध आणि भारत

चर्चमध्ये सर्वांनाच हे पटले असे नाही. मुलाच्या स्वाभाविक चांगुलपणावर ह्या बाई फार विसंबतात, मूळ पाप विसरतात, असा आक्षेप काही कॅथलिक विद्वानांनी घेतला. दुसरीकडे १९१८ मध्ये पोप बेनेडिक्ट पंधरावे ह्यांनी त्यांच्या कार्याला आशीर्वाद दिला. मुसोलिनीच्या राजवटीशी त्यांचे पुढे बिनसले आणि १९३४ नंतर इटलीतील त्यांच्या शाळा बंद पडल्या. जर्मनीत नाझींनीही त्यांच्या शाळांना टाळे ठोकले. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर बार्सिलोनाही सोडावे लागले.

१९३९ साली, एकोणसत्तराव्या वर्षी, त्या मारिओला घेऊन मद्रासला आल्या. थिऑसॉफिकल सोसायटीने त्यांना अड्यारला शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी बोलावले होते. काही महिन्यांतच इटली युद्धात उतरला आणि ब्रिटिश सरकारच्या लेखी ही आई आणि मुलगा शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारियांना अड्यारच्या आवारातच राहण्याची आज्ञा झाली. मारिओला मात्र आपल्या महाराष्ट्रात, अहमदनगरच्या म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या छावणीत ठेवले. ३१ ऑगस्ट १९४० रोजी मारियांना सत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या दिवसाची भेट म्हणून व्हाइसरॉयने मारिओची सुटका केली, आणि तसे कळवणाऱ्या तारेत त्याचा उल्लेख त्यांचा मुलगा असा केला. जे नाते बेचाळीस वर्षे झाकून ठेवावे लागले, ते असे उघड झाले. 

युद्ध संपेपर्यंत त्या भारतातच राहिल्या आणि नंतर पुन्हा आल्या. त्यांच्या हाताखाली हजाराहून अधिक शिक्षक तयार झाले. त्यांच्या विचारांचे बीज मराठी मातीत पेरले ते ताराबाई मोडक ह्यांनी. १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, म्हणजे आपल्याच पालघर जिल्ह्यात, ताराबाईंनी आणि अनुताई वाघ ह्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून परिसरातील वस्तूंपासूनच त्यांनी साधने केली. पैसा नाही म्हणून काही अडत नाही, हे त्यांनी करून दाखवले.

६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समधील नोर्डवाइक येथे मारियांचे निधन झाले. तिथल्या कॅथलिक दफनभूमीत त्या विसावल्या आहेत. १९५४ मध्ये रोममध्ये सोफिया काव्हालेत्ती आणि जान्ना गोब्बी ह्या दोघींनी त्यांचे राहिलेले काम पुढे नेले. लाकडी मेंढ्या, छोटा मेंढवाडा, लहानशी वेदी, चषक आणि तबकडी अशा साधनांनी त्या मुलांना शिकवू लागल्या. त्यातून ‘उत्तम मेंढपाळाचे धर्मशिक्षण’ ही पद्धत उभी राहिली. ती आज अनेक देशांत चालते.

आपण काय करू शकतो?

माँटेसरीबाईंना चर्चने संत घोषित केलेले नाही. पण त्यांनी मुलांकडे ज्या आदराने पाहिले, तो आदर शुभवर्तमानातला आहे. शिष्य मुलांना अडवत होते, तेव्हा प्रभू शिष्यांवर रागावला होता.

आपल्याकडे ह्या रीतीची मुळे आहेतच. नाताळच्या गोठ्यासाठी अनेक घरांत वाटीत धान्य रुजत घालतात. ते मुलांना घालू द्या, रोज पाणी मुलांनाच घालू द्या, आणि वाट पाहणे म्हणजेच आगमनकाळ हे त्यांना सांगा. रात्रीच्या रोझरीच्या वेळी मेणबत्ती लावण्याचे काम घरातल्या लहानग्याकडे द्या. पाच मिनिटे उशीर झाला तरी चालेल.

चर्चच्या मागची खोली मुलांसाठी तयार करावी असा आमचा विचार आहे. त्यासाठी एक बुटके टेबल, उघडी फळी, लाकडी मेंढ्या आणि वेदीची छोटी वस्त्रे लागतील. आपल्यांत सुतारकाम जाणणारे बंधू आहेत, शिवणकाम करणाऱ्या भगिनी आहेत. पैशांपेक्षा आपले हात हवे आहेत. ज्यांची इच्छा असेल त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर धर्मशिक्षकांना भेटावे.

मुलांना आशीर्वाद देणारा प्रभू येशू आपल्या सर्व कुटुंबांना आशीर्वादित करो.

आपले धर्मगुरू