तुकोबांचा राग

तुमच्यापैकी जे मांजरीत राहतात त्यांनी आषाढी वारीच्या दिवसांत पुण्याहून लोणी काळभोरकडे निघालेली तुकाराम महाराजांची पालखी सोलापूर रस्त्यावर पाहिली असेल. मांजरीच्या उत्तरेस, मुळा-मुठेपलीकडे, वाघोली आहे. तुकोबांच्या चरित्रातील एक कसोटीचा प्रसंग या वाघोलीशी निगडित आहे.

तुकोबांचा जन्म १६०८चा, देहूच्या महाजनकी व व्यापार करणाऱ्या घरातला. आईवडील लवकर गेले, थोरले बंधू सावजी विरक्त होऊन निघून गेले. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापारही बुडाला. पुढे त्यांनी कर्जखतांची वाटणी करून धाकट्या कान्होबांचा हिस्सा त्यांना दिला आणि स्वतःचा इंद्रायणीत सोडला. देणेकऱ्यांवर चिडण्याचे कारणच त्या दिवशी संपले.

म्हणून तुकोबा स्वभावतःच थंड होते, असे समजू नका. गाथा उघडून पाहा. दांभिकांवर त्यांची वाणी आसुडासारखी चालते, विठ्ठलाशीही ते कडाडून भांडतात. (संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, आसक्ती; मराठीने त्याच शब्दाला संतापाचा अर्थ दिला. तुकोबांच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, असे मला वाटते.)

मंबाजी गोसावी हे त्यांचे शेजारी. त्यांनी तुकोबांना काट्यांच्या फांदीने झोडपले. महीपतींनी सांगितलेल्या कथेनुसार त्या रात्री मंबाजी कीर्तनाला आले नाहीत, तेव्हा तुकोबा त्यांच्या घरी गेले आणि मारून थकलेले त्यांचे अंग चेपू लागले. ही कथा आपण ऐकत आलो आहोत. तिच्याइतकी प्रसिद्ध नसलेली गोष्ट या प्रसंगाशी जोडल्या जाणाऱ्या अभंगांत आहे. मार खाताना आपण क्रोधाच्या तावडीत सापडलो होतो आणि देवाने सोडवले, अशी कबुली तेथे तुकोबा देतात. संतचरित्र लिहिणारा सहसा अशी कबुली नायकाच्या तोंडी घालत नाही. म्हणून मला ती चमत्कारांपेक्षा मोलाची वाटते.

आता वाघोली. तेथील रामेश्वर भट्टांना शूद्राने वेदार्थ सांगणे अमान्य होते. त्यांच्या आज्ञेवरून तुकोबांनी अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या. नंतर मात्र ते नदीकाठी तेरा दिवस अन्नपाणी सोडून बसले. या तेरा दिवसांतील त्यांचे गाऱ्हाणे रामेश्वरांविरुद्ध नाही, विठ्ठलाविरुद्ध आहे. अभ्यास करताना हा फरक नीट टिपून ठेवा. परंपरा सांगते की वह्या कोरड्या वर आल्या. पुढे रामेश्वरांच्या अंगाचा दाह काही केल्या शमेना. त्यांनी तुकोबांना निरोप धाडला. उत्तरादाखल एक अभंग आला. त्यात दोषारोपाचा शब्द नव्हता, चित्त निर्मळ असल्यास वैरभाव कसा गळून पडतो एवढेच सांगितले होते. रामेश्वर देहूला आले व शिष्य झाले. तुकोबांची जी आरती आजही घरोघर म्हटली जाते, ती याच रामेश्वरांच्या नावावर आहे.