नाना फडणवीस : वाडा आणि वही

दीपावलीस वहीपूजन करणाऱ्या आपल्या समाजाला चोख हिशेबाचे मोल वेगळे सांगावयास नको. आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, पुण्यनगरीत हिशेबाच्या बळावर राज्य सांभाळणाऱ्या एका पुरुषाचे आणि त्याच्या वास्तूंचे स्मरण उचित ठरेल. ते म्हणजे नाना फडणवीस.

बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील. १७५६ मध्ये पितृछत्र हरपले आणि चौदाव्या वर्षी फडणिशीची जबाबदारी त्यांच्यावर आली. सरकारी जमाखर्च तपासणे आणि दप्तर राखणे हे फडणिसाचे काम होय. १७६१ च्या पानिपतातून नाना बचावले. पण त्यांच्या मातोश्री त्या धामधुमीत कायमच्या अंतरल्या.

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. नानांनी इतर कारभाऱ्यांसह बारभाईंचे कारस्थान उभे करून बाल सवाई माधवरावांची गादी राखली. सालबाईचा तह (१७८२) आणि खर्ड्याचा विजय (१७९५) हे त्यांच्या मुत्सद्देगिरीचे टप्पे होत. मात्र त्यांच्याच कारभारात कोतवाल घाशीराम माजला व १७९१ मध्ये पुणेकरांच्या क्षोभास बळी पडला, हा डागही नमूद केला पाहिजे. दुसऱ्याच्या हाती सोपविलेल्या सत्तेचा हिशेब शेवटी सोपविणाऱ्याकडेच मागितला जातो.

शनिवारवाड्यानजीकचा नानावाडा १७८० मध्ये बांधला गेला. चौकांभोवती सोपे, सुरूच्या झाडाप्रमाणे निमुळते होत जाणारे लाकडी खांब, त्यांवर कोरलेली केळफुले आणि चित्रांनी सजलेल्या भिंती ही त्याची वैशिष्ट्ये. भार लाकडी सांगाड्याने पेलावा आणि चौकातून घरास उजेड व वारा मिळावा, अशी ही रचना आहे. जुन्या पेठांतील वाड्यांत वाढलेल्या आपल्या अनेक कुटुंबांस ती घरचीच वाटेल. वाईजवळ मेणवली येथे कृष्णाकाठी नानांनी दुसरा चौसोपी वाडा, मंदिरे आणि घाट उभारला. त्या घाटावरील मंदिराशी वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा आजही दिसते.

सवाई माधवरावांच्या अकाली मृत्यूनंतर दिवस पालटले. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नानांना दग्याने कैद करण्यात आले आणि पुण्यातील त्यांच्या घराची लूट झाली. १७९८ मध्ये ते सुटले. तथापि पूर्वीचा अधिकार तसा उरला नाही. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी जिऊबाई पुढे मेणवलीस राहिल्या. दुसऱ्या बाजीरावांच्या राजवटीत पेशवे दप्तराची शिस्त ढासळली आणि १८१८ मध्ये राज्यही गेले.

धन लुटले गेले, अधिकार गेला. पण मेणवलीच्या वाड्यात कागद राहिले. द. ब. पारसनीस यांच्यासारख्या संशोधकांनी ते दप्तर अभ्यासकांपुढे आणले. पुण्याच्या नानावाड्यात पुढे अनेक वर्षे शाळा भरली आणि अलीकडे महानगरपालिकेने त्या वास्तूच्या जतनाचे काम हाती घेतले.

अपरिग्रहाचा संस्कार लाभलेल्या आपल्याला यातील बोध सहज उमगेल. संचय टिकत नाही. विश्वस्तभावाने राखलेली वही टिकते. आपल्या संस्थेची पन्नास वर्षांची दप्तरे, जुनी छायाचित्रे आणि आपापल्या घरांतील जीर्ण वह्या रद्दीत न देता जपणे, हेही सुवर्णमहोत्सवाचेच एक कार्य होय.