कादंबरीकार कै. हरि नारायण आपटे

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत पूर्वजांची चरित्रे छापण्याची प्रथा आहे व ती स्तुत्यही आहे. परंतु पूर्वजांचा केवळ गौरव करावा आणि त्यांनी आपल्याविषयी जे लिहिले ते मात्र वाचू नये, असे होऊ लागले तर त्या गौरवास अर्थ उरत नाही. या दृष्टीने कै. हरिभाऊ आपटे यांचे चरित्र यंदा सादर करावे असे आम्हांस वाटले.

हरिभाऊंचा जन्म 8 मार्च 1864 रोजी खानदेशात पारोळे येथे झाला. पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकत असता चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्यासारखे गुरुजन त्यांस लाभले. 1882 साली विष्णुशास्त्री चिपळूणकर निवर्तले, तेव्हा या विद्यार्थ्याने त्यांच्यावर विलापिका रचली. त्यांचे इंग्रजी व संस्कृत वाचन अफाट होते. परंतु गणित हा विषय त्यांस अखेरपर्यंत वश झाला नाही आणि त्यापायी महाविद्यालयातील पदवी हुकली. एका विषयात नापास झालेला मुलगा वाया गेला असे मानणाऱ्या पालकांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे. शिक्षकाच्या पेशात असे पालक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

हरिभाऊंचे चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईचे नामांकित वकील. संस्कृत ग्रंथांच्या रक्षणासाठी त्यांनी 1888 साली आनंदाश्रम ही संस्था स्थापिली. 1894 साली चुलते वारल्यावर तिचा कारभार हरिभाऊंनी वाहिला. एका बाजूस प्राचीन पोथ्यांचे संपादन व मुद्रण, तर दुसऱ्या बाजूस मराठी कादंबरीचे लेखन, असा त्यांचा दुहेरी संसार होता. पुणे नगरपालिकेच्या कामाचा भारही त्यांनी वाहिला व तिचे अध्यक्षपदही भूषविले.

त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' ही 1885 साली प्रसिद्ध होऊ लागली. तीत रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराची छाया होती. परक्याच्या सावलीत उभे राहून आपल्या घरचे चित्र काढता येत नाही, याची जाणीव त्यांस लवकरच झाली असावी. कारण पुढील सामाजिक कादंबऱ्यांत ते थेट पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांत शिरले. 1890 साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले व त्यात 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः छापण्यास आरंभ केला.

या कादंबरीत यमू नावाची मुलगी आपली कहाणी आपणच सांगते. सुशिक्षित पती तिला वाचावयास शिकवितो, मुंबईस तिचे चार दिवस सुखाचे जातात. पुढे तो अकाली मरण पावतो आणि सासरची वडील मंडळी तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन करवितात. ही काही दूरदेशीची कल्पित कथा नव्हती. माजघरात नित्य घडणारे, पण ओसरीवर कधी न उच्चारले जाणारे असे ते दुःख होते. त्याच सुमारास, 1891 साली, संमतिवयाचा कायदा होऊन वयाची मर्यादा 10 वरून 12 वर आली व त्यावरून पुण्यात मोठे रण माजले. सभांतून व वृत्तपत्रांतून शास्त्रार्थ चालले असता हरिभाऊंनी शास्त्रार्थ न करता एका मुलीला बोलावयास लावले. पुरुषाने स्त्रीच्या अंतःकरणात शिरून इतके सहज लिहावे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. लेखिका काशीबाई कानिटकर व त्यांचे पती गोविंदराव यांच्याशी असलेल्या दीर्घ स्नेहाचा या कामी त्यांस खचित लाभ झाला असेल.

आता या व्यवसायातील क्लेशांकडे वळू. साप्ताहिक म्हणजे दर आठवड्याचे देणे. कथा सुचो वा न सुचो, प्रकृती बरी असो वा नसो, मजकूर छापखान्यात गेलाच पाहिजे. एकदा छापलेले प्रकरण पुढे चुकीचे वाटले तरी मागे घेता येत नाही. कित्येकदा एक सामाजिक व एक ऐतिहासिक अशा दोन कथा एकाच वेळी चालवाव्या लागत. त्यामुळे त्यांच्या लेखनात पाल्हाळ आला, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला व तो अगदीच निराधार नाही. आणखी मोठे दुःख असे की, कित्येक कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. आरंभीची 'गणपतराव' पूर्ण झाली नाही, तशी अखेरची 'कर्मयोग'ही झाली नाही. मनात रचलेला वाडा अर्ध्यावर सोडून जावे लागणे, ही लेखकाची व्यथा इतरांस सहजी कळणारी नाही.

परंतु आनंदही तसाच थोर होता. 'उषःकाल' लिहिताना स्वराज्याच्या उदयाचे दर्शन त्यांनी वाचकांस घडविले. 'गड आला पण सिंह गेला'मध्ये तानाजीचा सिंहगड उभा केला. 'वज्राघात'मध्ये 1565 साली झालेला विजयनगरचा पाडाव रंगविला. 1890 च्या दशकातील दुष्काळाने गांजलेल्या गरिबांची दैना त्यांनी 'काळ तर मोठा कठीण आला' या गोष्टीत दाखविली आणि मराठी लघुकथेचा पाया घातला. आपण निर्मिलेली माणसे वाचकांस घरच्या माणसांसारखी वाटावी, याहून अधिक ते लेखकाने काय मागावे? हे सुख नसते तर 'करमणूक'चे ओझे 1917 सालापर्यंत, म्हणजे सुमारे 27 वर्षे, कोणी वाहिले असते? 1912 साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देऊन महाराष्ट्राने त्यांचा सन्मान केला. 3 मार्च 1919 रोजी, वयाची 55 वर्षे पुरी होण्यास पाच दिवस असता, पुण्यास त्यांचे देहावसान झाले.

यमूचे सासर-माहेर हे आपल्यासारख्यांचेच घर होते, हे आम्ही या स्मरणिकेच्या पानांवर मुद्दाम लिहीत आहो. केशवपनाची चाल गेली. पण घरातील स्त्रीचे म्हणणे पुरते ऐकून न घेता तिच्याविषयीचे निर्णय वडील मंडळींनी परस्पर घेण्याची चाल सगळ्याच घरांतून गेली आहे, असे छातीवर हात ठेवून कोणी म्हणू शकेल काय? हरिभाऊंनी कोणास शिव्या दिल्या नाहीत, कोणावर दावा मांडला नाही. त्यांनी केवळ एक गोष्ट सांगितली आणि तिच्या नावातच आपणा सर्वांस प्रश्न घातला. आमच्या ज्ञातिबंधुभगिनींस एवढीच विनंती की, त्यांच्या तसबिरीस हार घालण्यापूर्वी ती कादंबरी घरात सर्वांनी मिळून वाचावी. त्या प्रश्नाचे उत्तर देणे अद्याप आपल्याकडे बाकी आहे.