डब्याला गंज चढवणारा जॉन अ‍ॅलन

जॉन अ‍ॅलन (१९१३-१९७३) हा अमेरिकन फोटोग्राफर. कॅलिफोर्नियात माँटेरेच्या घरी, तळघरात त्याने १:८७ मापाची मॉडेल रेल्वे उभारली. नाव ‘गोरी अँड डिफीटेड’, म्हणजे ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’!

या मापात ४० फुटी मालडबा जेमतेम १४ सेंटीमीटरचा होतो. किटमधला डबा जोडला की चकाचक दिसतो, आणि तिथेच खेळणं वाटतो. खरा डबा धूळ, गंज, उडालेला रंग घेऊन फिरतो. अ‍ॅलनने हे सगळं मॉडेलवर मुद्दाम आणलं. आज थ्रीडी गेममध्ये टेक्स्चर मळकं करतात ना, तसंच, फक्त हाताने.

६ जानेवारी १९७३ला तो हार्ट अटॅकने गेला. दहाच दिवसांनी आग लागली आणि बहुतेक रेल्वे जळाली. आज आपण बघतो ती त्याने काढलेल्या फोटोंमधली.